धुऱ्यावरची डोरली ओळखायची कशी? नावावर जाऊ नका, पाच खुणा पाहा

चंद्रपूर/गडचिरोली : मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, हाताला काम नव्हतं. आमच्या शेजारच्या काकूंना एका व्यापाऱ्यानं सांगितलं, "रिंगणी उपटून, सुकवून आणा, मी घेतो." काकूंनी चार दिवस धुरे पालथे घातले. काटे टोचून हात सुजले. दोन पोती भरली. नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हे रिंगणीच हाये ना?" मी पोत्यात वरवर पाहिलं. काटे दिसले, सुकलेलं जांभळं फूल दिसलं. म्हटलं, "हो जी, रिंगणीच."

व्यापाऱ्यानं पोतं उलटं केलं आणि अर्ध्याहून जास्त माल बाजूला सारला. "ही डोरली आहे. मला भुईरिंगणी पाहिजे," म्हणाला. काकूंच्या हातात दोन दिवसांच्या मजुरीएवढेही पैसे पडले नाहीत. चूक त्यांची नव्हती, माझी होती. जन्म वावरात गेला, पण रोज ज्या झुडपाला बैलाच्या पाठीवरून पाहतो ते नीट ओळखत नव्हतो.

त्यानंतर मी गावातल्या वैदूबाबांकडे बसलो, तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना झाडं नेऊन दाखवली आणि धुऱ्यावर स्वतः पाहत फिरलो. त्यातून जे समजलं ते इथं सांगतो. मोबाइल हातात घेऊन वाचा आणि वाचून झालं की धुऱ्यावर जाऊन पाहा.

हे कुळ आपल्या चुलीवरचंच

डोरली वांग्याच्या कुळातली आहे. या कुळात जगभरात अडीच हजारांच्या वर जाती आहेत. वांगं, टमाटर, आलू, मिरची आणि तंबाखू हे सगळे सख्खे-चुलत भाऊ. त्याच घरात धोतराही आहे. म्हणजे एकाच कुळात रोजची भाजीही आहे आणि जीव घेणारं बीही आहे. म्हणून "वांग्यासारखं दिसते, खायला हरकत नाही" असा हिशोब इथं चालत नाही.

यातले आलू, टमाटर, मिरची, तंबाखू हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. युरोपातले दर्यावर्दी तिकडे पोचले, त्यानंतरच ही पिकं आपल्याकडे आली. वांगं मात्र आपल्या बाजूचं. त्याचा रानटी पूर्वज आजही आपल्या पडीक जमिनीत काटे घेऊन उभा आहे. डोरली आणि भुईरिंगणी यासुद्धा इथल्याच. कोणी लावल्या नाहीत, कोणी पाणी दिलं नाही, तरी आहेत.

या कुळाचं फूल एकदा ओळखायला शिकलं की अर्धं काम झालं. तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या आपल्या माणसांनी मिरचीचं फूल जवळून पाहिलंच असेल. पाकळ्या खाली जुळलेल्या, वर पाच टोकं. वांग्याचं, टमाटरचं, आलूचं फूल असंच. वांगं, टमाटर, आलू आणि रिंगण्यांच्या फुलात मधोमध पाच पिवळे पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे असतात, जशी छोटी पिवळी चोच. जांभळं किंवा पांढरं पाच टोकांचं फूल आणि मध्ये पिवळी चोच दिसली की समजा, हे वांग्याच्या घरचं आहे.

एक नाव, तीन झाडं

आपल्या भागात गोंधळ नावामुळं होतो. आमच्या गावात काटे असलेल्या साऱ्याच झाडांना "रिंगणी" म्हणतात. दुसऱ्या गावात गेलं की "काटेवांगी" म्हणतात. पुस्तकात पाहिलं तर डोरलीलाच चिचुर्डी आणि मोठी रिंगणी अशीही नावं आहेत. संस्कृतात ती बृहती. भुईरिंगणीला काटेरिंगणी किंवा लहान रिंगणी म्हणतात, संस्कृतात कंटकारी.

आपले दोन्ही जिल्हे तर चार भाषांच्या मध्ये बसलेले. कोरचीकडे छत्तीसगडी आहे. हिंदी-छत्तीसगडीत भुईरिंगणीला भटकटैया म्हणतात आणि डोरलीला बनभंटा किंवा बडी कटेरी. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. तेलुगूत भुईरिंगणी म्हणजे नेलमुलका. नेल म्हणजे भुई. भाषा बदलली तरी लोकांनी पाहिलेली खूण तीच राहिली : ही भुईला चिकटून वाढते. माडिया-गोंडी बोलणाऱ्या गावांत आणखी वेगळी नावं आहेत, ती त्या गावातल्या जाणत्यांकडूनच ऐकावीत.

शास्त्रज्ञांच्या घरीही हा गोंधळ सुटलेला नव्हता. औषधांच्या ग्रंथांत डोरलीचं शास्त्रीय नाव सोलॅनम इंडिकम असं छापलेलं असते. पण त्या एका नावाखाली वेगवेगळी झाडं मोजली गेली, म्हणून वनस्पतीशास्त्रज्ञांनी ते नाव बाजूला ठेवलं. आता सोलॅनम व्हायोलेशियम आणि सोलॅनम अँग्विवी ही नावं वापरतात. भुईरिंगणीला सोलॅनम व्हर्जिनिॲनम म्हणतात, जुन्या पुस्तकात ती झँथोकार्पम किंवा सुरात्तेन्स म्हणून सापडेल. मोठमोठ्या माणसांना नाव ठरवताना एवढी अडचण झाली, तर आपण फक्त नाव ऐकून पोतं भरणं म्हणजे चूक ठरलेलीच.

या पाच खुणा पाहा

झाड समोर असलं की या क्रमानं पाहा.

पहिली खूण, उभं की आडवं. डोरली उभी वाढते. कमरेएवढी, कधी छातीएवढी होते, बुंधा लाकडी असते आणि फांद्या पसरतात. भुईरिंगणी जमिनीवर चटईसारखी पसरते. पायात चप्पल नसली तर ती आधी पायाला कळते, मग डोळ्याला.

दुसरी खूण, काटा. डोरलीचा काटा बुडाशी रुंद आणि टोकाला थोडा वाकलेला असते, मांजराच्या नखासारखा. कपडा अडकला की सुटता सुटत नाही. भुईरिंगणीचा काटा सरळ, लांब, पिवळा आणि चकचकीत असते, सुईसारखा. पानाच्या दोन्ही बाजूंना शिरेवरून उभा राहते.

तिसरी खूण, पान. डोरलीचं पान वांग्याच्या पानासारखंच, पण लहान. कड नागमोडी, खोल खाचा नसतात. पान उलटं करून बोट फिरवा, पांढुरकी लव हाताला लागते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून पाहिलं तर ती लव चांदण्यासारखी दिसते. भुईरिंगणीच्या पानाला खोल खाचा असतात आणि काट्यांमुळं पानाला हातच लावता येत नाही.

चौथी खूण, फूल. इथं जपून. डोरलीचं फूल जांभळं, भुईरिंगणीचं निळसर जांभळं. नुसत्या रंगावर फरक करायला जाल तर माझ्यासारखे फसाल. डोरलीची फुलं झुपक्यानं येतात, एका देठावर चार-पाच किंवा जास्त, आणि आकारानं लहान असतात. भुईरिंगणीची फुलं मोठी, एकेक किंवा थोडी.

पाचवी खूण, फळ. ही सगळ्यात भरवशाची. डोरलीचं फळ लहान, साधारण एक सेंटिमीटरचं, मोठ्या वाटाण्याएवढं. झुपक्यात लागते. कच्चं हिरवं, पिकलं की नारंगी होऊन चमकते. भुईरिंगणीचं फळ कंच्याएवढं, दीड-दोन सेंटिमीटरचं. कच्चं असताना हिरव्यावर पांढरे पट्टे, छोट्या टरबुजासारखे. पिकलं की पिवळं.

काकूंच्या पोत्यात मी काटा आणि फूल पाहिलं, पण फळ पाहिलं नाही. पोत्यात हात घालून एक फळ काढलं असतं तर चार दिवस वाचले असते.

तिसरी बहीण : रानवांगी

या दोघींत तिसरी मिसळते, ती रानवांगी. हीच वांग्याचा रानटी पूर्वज. शास्त्रीय नाव सोलॅनम इनसॅनम. गुडघ्याएवढी ते कमरेएवढी होते. पान, फूल सगळं वांग्याचंच, पण खोडाला, पानाला आणि फळाच्या टोपीलासुद्धा काटे. वांगं तोडताना देठाकडची हिरवी टोपी टोचते ना, तशीच, पण जास्त. फळ दोन-तीन सेंटिमीटरचं, लहान लिंबाएवढं, पिकलं की पिवळं. डोरलीशी फरक करायचा तर फळाचा आकार पाहा आणि टोपी पाहा.

आणखी एक झुडूप अलीकडे दिसते. डोक्याएवढं उंच, मोठी पानं, पांढऱ्या फुलांचे घोस आणि हिरव्या-पिवळ्या फळांचे गुच्छ. हे अमेरिकेकडून आलेलं, आपलं नव्हे. कलमी वांग्याची रोपं येतात, त्यांचा खालचा खुंट बऱ्याचदा याच जातीचा असते, कारण मर रोगाला ते दाद देत नाही. वरचं कलम मेलं आणि खुंटच फुटला तर वावरात हे झाड उभं राहते. पांढरं फूल आणि मोठा घोस दिसला तर ती डोरली समजू नका.

नाव सारखं, झाड परकं

आता ज्यांच्यामुळं खरा धोका होतो त्यांच्याबद्दल.

पिवळा धोतरा : नदीकाठी, रस्त्याकडेला काटेरी पानांचं, पिवळ्या फुलाचं झाड असते. नावात धोतरा आहे, काटे आहेत, म्हणून काहीजण त्यालाही रिंगणीच्या पोत्यात टाकतात. हे वांग्याच्या कुळातलंच नाही, अफूच्या कुळातलं आहे आणि मूळ मेक्सिकोचं. ओळख सोपी : फांदी मोडा, पिवळं दूध निघते. रिंगणी-डोरलीतून दूध निघत नाही. याचं बी मोहरीसारखं काळं असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याचं तेल मिसळलं गेलं होतं, अंगावर सूज येऊन ६० च्या वर माणसं दगावली. एवढं हे बी वाईट.

खरा धोतरा : हा वांग्याच्या कुळातला. फूल कर्ण्यासारखं लांब, फळ गोल आणि काटेरी. डोरलीत काटे झाडाला असतात, फळ गुळगुळीत. धोतऱ्यात उलटं, झाड गुळगुळीत आणि फळाला काटे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आपण हे फळ महादेवाला वाहतो. वाहून झालं की ते लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका. बी पोटात गेलं तर तोंड कोरडं पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, माणूस बडबडतो, ओळखत नाही. अशा वेळी भूतबाधा समजून अंगारे-धुपारे करत बसू नका, मीठपाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि झाडाची फांदी किंवा फळ सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला काय खाल्लं ते कळलं तर उपचार लवकर सुरू होतात.

अश्वगंधा : हे या कुळातलं आणि आपल्या देशातलंच झुडूप. डोरलीचा फोटो पाठवून "ही अश्वगंधा हाये का? किलोमागं काय भाव?" असं विचारणारे मला बरेच भेटतात. अश्वगंधेला काटा नसते. पान साधं, कड सरळ, अंगावर राखाडी लव. फूल बारीक, हिरवट पिवळं, पानाच्या बेचक्यात लपलेलं. फळ लाल-नारंगी, कागदासारख्या पिशवीत झाकलेलं. काटा दिसला की अश्वगंधा नाही, विषय संपला.

पोपटी : तिलाही कागदी पिशवी असते, म्हणून अश्वगंधेशी गोंधळ होतो. पण पोपटी हे पावसाळ्यातलं नाजूक, रसाळ रोपटं आहे. फळं एकेक लोंबतात, छोट्या कंदिलासारखी. अश्वगंधेचा बुंधा लाकडी आणि फळं बेचक्यात गर्दीनं बसलेली.

कामोणी : बारीक पांढरी फुलं, काटा नाही, पिकल्यावर काळी फळं. पिकलेली काळी फळं आपल्याकडं पोट्टे खातात. हिरवी, कच्ची फळं विषारी असतात, ती खाऊ देऊ नका.

खायची का? औषध करायचं का?

डोरलीची कोवळी फळं काही भागात भाजीत घालतात, चव कडू असते. पण ज्या घरात ती परंपरेनं शिजते, ज्यांना झाड पक्कं माहीत आहे, त्यांचं वेगळं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून कोणी नव्यानं प्रयोग करू नये. या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या हिरव्या भागात विषारी द्रव्यं असतात. हिरवा पडलेला आलूसुद्धा आपण याच कारणानं टाकून देतो.

औषधाचं म्हणाल तर डोरली आणि भुईरिंगणी दोन्ही दशमुळातल्या. दशमूळ म्हणजे दहा मुळं. पाच मोठ्या झाडांची : बेल, ऐरण, टेटू, पाडळ, शिवण. पाच लहान झाडांची : सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. दशमुळारिष्ट, काढे, तेलं यांना ही लागतात, म्हणून व्यापारी गावात येतात. दोन्ही एकाच यादीत असल्या तरी जागा दोन वेगळ्या आहेत. एकीच्या ठिकाणी दुसरी चालत नाही. व्यापाऱ्यानं माल बाजूला काढला तेव्हा मला राग आला होता. आता वाटते, त्या बाबतीत त्याचं बरोबर होतं. रोग्याच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

एक जुनी समजूतही सांगितली पाहिजे. दात दुखला की रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची, मग "किडे पडतात", असं माझी आजी करायची. दाताला कीड लागते म्हणजे खरोखरचा किडा नसते. तोंडातले जंतू गोड-पिष्टमय अन्नावर जगतात, आम्ल तयार करतात आणि दात झिजवतात. धुरीनं घटकाभर बरं वाटलं तरी पोकळी भरत नाही. दात दुखत असल्यास दाताच्या डॉक्टरकडेच जावं.

वावराला फायदा की तोटा?

शेतकरी म्हणून मला हा प्रश्न पडलाच. उत्तर दोन्ही बाजूंचं आहे.

फायदा असा. वांग्याच्या आणि डोरलीच्या फुलात मध नसते, फक्त पराग असते, आणि तो त्या पिवळ्या चोचीत बंद असते. चोचीच्या टोकाला बारीक भोक असते. काळा भुंगा फुलाला धरून पंखाचे स्नायू जोरात थरथरवतो, तेव्हा पराग मिठासारखा खाली पडते. साध्या मधमाशीला हे जमत नाही. सकाळी डोरलीजवळ उभे राहा, भुंग्याचा आवाज फुलावर बसताच बदलतो, बारीक आणि तीक्ष्ण होतो. धुऱ्यावर डोरली असली तर भुंग्यांना वर्षभर काहीतरी मिळते आणि तेच भुंगे आपल्या वांग्या-टमाटरवरही येतात.

तोटा असा. वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, पानं चाळणीसारखी करणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे आणि बारीक पानांचा रोग, हे सगळे या रानटी बहिणींवरही जगतात. वांग्याचं पीक निघून गेलं की ते तिथं मुक्काम करतात. म्हणून वांग्याच्या वावराला लागून असलेल्या धुऱ्यावर डोरलीची गर्दी होऊ देऊ नका. पण जंगलकडेची, पडीकातली, देवराईतली डोरली उगाच जाळू नका, तणनाशक मारू नका.

रानटी बहिणींची किंमत साऱ्या देशानं एकदा मोजली होती. बीटी वांग्याचा प्रश्न आला तेव्हा २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यात आपलं नागपूरही होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं ते वांगं रोखून धरलं. जी कारणं चर्चेत होती त्यात एक हेही होतं की वांग्याचं मूळ घर आपला देश आहे आणि त्याचे रानटी नातलग इथं आहेत. ते काटेरी नातलग म्हणजे आपल्या धुऱ्यावरचीच रानवांगी.

मुळं खणण्याआधी

बाजारात डोरलीचं मूळ मागतात. मूळ काढलं म्हणजे झाड गेलं. तेंदूपत्ता तोडला तर झाडाला पुन्हा पानं येतात, मोहफूल वेचलं तर झाड उभं राहते. इथं तसं नाही. म्हणून जाणते वैदू सांगतात ते पाळा. फळं पिकून बी पडल्यावरच खणा. पिकलेली फळं तिथंच फोडून मातीत टाका. एका ठिकाणी पाच झाडं असली तर दोन घ्या, तीन ठेवा. लहान रोपं सोडून द्या.

हक्काचंही बोलू. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. त्यात औषधी वनस्पती, मुळं, कंद येतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर आपल्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांना मिळाला. हक्क ग्रामसभेचा असल्यामुळं किती काढायचं आणि कधी काढायचं हे ठरवण्याची जबाबदारीही ग्रामसभेचीच. व्यापाऱ्यानं गावात येऊन एकेकाला गाठण्यापेक्षा ग्रामसभेशी बोलावं. मागणी कोणत्या झाडाची, कोणत्या भागाची, ओली की सुकी, हे नमुना समोर ठेवून ठरलं असतं तर काकूंचं नुकसान झालं नसतं.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात आणि अभयारण्यांत काही तोडायला-खणायला मनाई आहे, तिथं जाऊ नका. आणि बाकी जंगलातही एकट्यानं, पहाटे किंवा सांजवेळी, खाली वाकून मुळं खणत बसू नका. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल या बाजूला राहणाऱ्यांना वाघाचं वेगळं सांगायला नको.

फोटो असा काढा

आता साऱ्यांच्या मोबाइलमध्ये झाड ओळखणारी ॲप आली आहेत. मी डोरलीचा नुसत्या पानाचा फोटो टाकला, तर ॲपनं वांगं सांगितलं. फुलाचा टाकला, तर भुईरिंगणी. फळाचा झुपका टाकला तेव्हा कुठं डोरलीजवळ आलं. ॲपला जेवढं दाखवाल तेवढंच ते पाहते. माणसालाही तसंच.

म्हणून कोणालाही विचारायचं असलं तर एक फोटो पाठवू नका. सहा पाठवा : पूर्ण झाड, खोडावरचा काटा, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, फूल समोरून, आणि फळ. फळाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळते. कुठं सापडलं आणि कोणत्या महिन्यात, हे लिहा. आणि ॲपनं किंवा ग्रुपवर कोणी "खायला चालते" म्हटलं, म्हणून तोंडात घालू नका.

नोंदवहीत लिहून ठेवा

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. तुमच्या पंचायतीत ती कपाटात आहे का, ते जाऊन विचारा. असल्यास त्यात डोरली आहे का पाहा. नसल्यास लिहा : आपल्या गावात तिला काय म्हणतात, कुठं उगवते, कोण वापरते. मराठी, गोंडी, माडिया, छत्तीसगडी, तेलुगू, जे नाव असेल ते लिहा, आणि त्याच्यासमोर पाच खुणाही लिहा. खुणा नसल्या तर नुसतं नाव पुढच्या माणसाला उपयोगाचं नाही, हे मी दोन पोत्यांवर शिकलो.

आमच्या वैदूबाबांचं वय झालं आहे. त्यांना धुऱ्यावर नेलं, तर त्यांनी वाकून फळ पाहिलं, दोन बोटांत फिरवलं आणि लगेच नाव सांगितलं. फूल त्यांनी पाहिलंच नाही. का, विचारलं तर म्हणाले, "फूल सारंच जांभळं रायते बाबू, फळ खोटं बोलत नाही."

या हिवाळ्यात काकू पुन्हा जाणार आहेत. यावेळी मी सोबत जाईन. जाण्याआधी व्यापाऱ्याला कोणत्या झाडाची मागणी आहे ते नमुना दाखवूनच विचारू, आणि पोतं भरताना प्रत्येक झाडाचं फळ पाहू.